धुराची खोली आणि सेरामपूरचा शब्द : आनंदीबाई जोशींची अमेरिकेतली तीन वर्षं

परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींची कागदपत्रं तपासणं, फॉर्म भरून घेणं हे माझं पुण्यातलं रोजचं काम. व्हिसा, फी, विमा, तिकीट सगळं आटोपलं की आई खुर्ची जरा पुढे ओढते आणि हळूच विचारते, "तिकडे हिला जमेल ना हो?" त्या 'जमेल'मध्ये थंडी, जेवण, एकटेपण, माणसं सगळं आलेलं असतं. आणि बहुतेक वेळा वडील मध्येच म्हणतात, "न जमायला काय झालं? जिद्द असली की सगळं जमतं."

जिद्दीबद्दल माझी तक्रार नाही. पण नुसत्या जिद्दीवर भिस्त ठेवून मुलीला पाठवणाऱ्या घरांना मी आनंदीबाई जोशींचं प्रकरण सांगत बसते. नाव सगळ्यांच्या ओळखीचं असतं. 'पहिली महाराष्ट्रीय स्त्री डॉक्टर, क्षयाने गेली, बाविसावं वर्षही पुरं झालं नाही' इथपर्यंत सगळे येतात. मधल्या तीन वर्षांत ती मुलगी राहिली कुठे, जेवली काय, नेसली काय, मनातलं बोलली कुणाशी, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. मला त्या तीन वर्षांबद्दलच बोलायचं आहे.

निघण्याआधीची शिदोरी

जन्म ३१ मार्च १८६५, कल्याणच्या जोशी घराण्यात. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं ते गोपाळराव जोशी या टपाल खात्यातल्या बिजवराशी, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायको शिकलीच पाहिजे हा त्यांचा ध्यास, आणि त्यापायी हातही उगारणारा स्वभाव. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. आपल्या बायकांवर उपचार करायला बाईच डॉक्टर हवी, हे त्यांच्या मनाने तेव्हापासून घेतलं.

गोपाळरावांच्या बदल्यांमागे बिऱ्हाड हललं. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि शेवटी कलकत्ता. हा प्रवास मी मुद्दाम सांगते, कारण परक्या मुलखाची पहिली चव आनंदीबाईंना अमेरिकेत लागलेली नाही. ती कलकत्त्यात लागली. बंगाली भद्रलोकांच्या, म्हणजे तिथल्या शिकल्यासवरल्या वरच्या वर्गातल्या घरांच्या, बायका तेव्हा पडद्यात. तिथे ही मराठी मुलगी नवऱ्याबरोबर उघड्या तोंडाने रस्त्याने चालायची. लोक थांबून बघत, नको ते बोलत, हे हिचे कोण असा संशय घेत. भाषा वेगळी, माणूस ओळखीचं नाही आणि आपलं साधं चालणंसुद्धा दुसऱ्याला खुपतं, हा धडा अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाय ठेवण्याआधीच गिरवून झाला होता.

तब्येतही कलकत्त्यातच ढासळू लागली होती. सतत डोकेदुखी, मधूनमधून ताप, अशक्तपणा, कधी धाप. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

दुसरी शिदोरी होती एका मावशीची. १८७८ मध्ये गोपाळरावांनी कोल्हापूरहून रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली. वाइल्डरने ते आपल्या मासिकात छापलं, आणि सोबत स्वतःचं उत्तरही. धर्मांतराची वाट त्यात सुचवलेली होती. गोपाळरावांना ते पटण्यासारखं नव्हतंच. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी १८८० मध्ये दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत हातात आलेलं ते मासिक चाळलं, आणि त्यांना राहवलं नाही. त्यांनी पत्र लिहिलं. तिथून पुढे तीन वर्षं पत्रांची ये-जा. एकमेकींचे सण, चालीरीती, दुखणी सगळं त्यांत असे. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधंही धाडली. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. बोट किनाऱ्याला लागेल तेव्हा ओळखणारं एक माणूस तिथे उभं असेल, एवढी तजवीज आधीच झाली होती. या प्रकरणात जे धड झालं त्यातला मोठा वाटा मी या पत्रांना देते.

सेरामपूरचा शब्द

२४ फेब्रुवारी १८८३. कलकत्त्याजवळच्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात अठराव्या वर्षात असलेल्या आनंदीबाई इंग्रजीत बोलायला उभ्या राहिल्या. (हे बंगालमधलं सेरामपूर, आपलं नगरकडचं श्रीरामपूर नव्हे.) गावभर जे प्रश्न विचारले जात होते ते त्यांनी एकेक करून घेतले. अमेरिकेला का जाते? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर जातीतून वाळीत टाकतील त्याचं काय? तिकडे काही वाईट घडलं तर? आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते तू का करतेस?

वाळीत टाकण्याच्या प्रश्नाला त्यांनी सांगितलं की आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येऊन इथे राहणार. तिथे आपल्या रीतीप्रमाणेच राहीन, खाईन, मग मला वाळीत का टाकाल, असा त्या उत्तराचा रोख.

हे उत्तर न देता त्या निघूच शकल्या नसत्या. मिशनऱ्यांच्या ओळखीने, मिशनरी बायकांच्या सोबतीने बोटीवर चढणारी ब्राह्मण मुलगी बाटणारच, हे लोकांनी धरूनच ठेवलं होतं. म्हणून त्या शब्दाबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. पण तो दिला कुठे गेला ते बघा. फिलाडेल्फियाचा हिवाळा न बघता, तिथल्या चुलीवर एकदाही भात न शिजवता, भर सभेत तो दिला गेला. आणि त्याच्या पोटात फक्त देव आणि पूजा नव्हती. ताट, लुगडं, कुंकू सगळं होतं. पुढे प्रत्येक साध्या सोयीच्या आड हा शब्द उभा राहिला.

७ एप्रिल १८८३ रोजी 'सिटी ऑफ कलकत्ता' बोट सुटली. ४ जूनला न्यूयॉर्क. अठ्ठावन्न दिवस.

रोझेलचा उन्हाळा

कार्पेंटरबाई घ्यायला आल्या होत्या. जून ते सप्टेंबर आनंदीबाई त्यांच्या घरी राहिल्या. घरात मुलं, उन्हाळ्याचे दिवस, आणि अभ्यासाचा बोजा नाही. अमेरिकन घर कसं चालतं ते त्यांनी तिथे शिकून घेतलं आणि मावशीच्या पाहुण्यांना आपल्याकडचं जेवणही रांधून वाढलं. माझ्याकडची मुलं शुक्रवारी उतरतात आणि सोमवारी वर्गात बसतात. चार महिने कुणाच्या तरी स्वयंपाकघरात वावरायला मिळणं हे किती मोठं भाग्य आहे, ते त्या मुलांना विचारा.

खोली

ऑक्टोबरात फिलाडेल्फिया. विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया हे १८५० मध्ये खास स्त्रियांसाठी निघालेलं वैद्यकीय महाविद्यालय. तिथल्या डीन रेचल बॉडली स्वतः रसायनशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी आनंदीबाईंचा अर्ज वाचला, प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही मिळवून दिली. परक्या देशातल्या, परक्या धर्मातल्या अठरा वर्षांच्या मुलीसाठी एवढं करणारी संस्था आजही सहज सापडणार नाही. मी हे मनापासून म्हणते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते या मोठेपणाला कमी लेखण्यासाठी नाही.

कार्पेंटरबाईंनी सोबत येऊन राहायची व्यवस्था लावून दिली आणि त्या रोझेलला परतल्या. खोलीत शेकोटीची भट्टी होती, पण धुरांडं नीट ओढत नव्हतं. पेटवली की सगळा धूर खोलीत. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, पुस्तक धरवत नाही. विझवली की गारठा. फिलाडेल्फियात जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली उतरतो, आणि या मुलीने तोवर काढलेला सर्वांत कडक हिवाळा म्हणजे बंगालची जानेवारी. धूर की थंडी, यातलं एक रोज संध्याकाळी निवडायचं. आणि त्याच खोलीत बसून शरीरशास्त्र आणि रसायनशास्त्र इंग्रजीतून पाठ करायचं.

भरीला जेवण. तिकडच्या बिऱ्हाडांतली पानं मांसामाशांची. ते वगळलं की ताटात उरतो पाव, लोणी, बटाटा, दूध, मोसमात मिळेल ती भाजी. आपल्या स्वयंपाकघरातलं निम्मं सामान त्या शहरात मिळण्यासारखं नव्हतं. म्हणून दिवसभराचं कॉलेज उरकल्यावर स्वतः चूल पेटवायची, स्वतः रांधायचं, स्वतः भांडी घासायची. थकून आलेल्या माणसाने एकट्यासाठी चूल पेटवायची म्हटली की काय होतं, हे एकटं राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एका वेळचं जेवण चुकतं. मग त्याची सवय होते.

तब्येत बिघडल्यावर बॉडलीबाईंनी त्यांना स्वतःच्या घरी नेलं, पुढे राहायची जागाही बदलली. म्हणजे लक्षात आल्यावर माणसं धावून आली. पण लक्षात येईपर्यंत काही आठवडे गेले, आणि आनंदीबाईंचा स्वभाव गाऱ्हाणं करण्याचा नव्हता. इथे मी आईवडिलांना थांबवते. मुलगी फोनवर "सगळं मस्त आहे" म्हणाली की विश्वास ठेवा, पण कॅमेरा फिरवून हीटर दाखवायला सांगा, फ्रिज उघडून दाखवायला सांगा.

नऊवारी

नऊवारी लुगड्याची रचनाच आपल्या हवेची आहे. कासोटा मारला की चालायला, वाकायला, काम करायला मोकळं, पण पोटऱ्या उघड्या राहतात. दख्खनच्या उन्हात ते सोयीचं. पेनसिल्व्हेनियाच्या बर्फात पायांना थेट वारा. शिवाय तो अमेरिकेतला असा काळ होता की बायकांचे झगे जमिनीला टेकायचे, घोटा दिसणंही असभ्य. आपल्याकडे ज्या नेसण्याने बाई घरंदाज ठरते, त्याच नेसण्याने तिकडे माना वळत.

झगा घालणं हा सोपा उपाय होता, पण तो सेरामपूरच्या शब्दात बसत नव्हता. नऊवारीच चालू ठेवायची तर पाय गारठणार. आनंदीबाईंनी मधली वाट काढली. गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. कासोटा नाही, साडी पायघोळ, आत ऊब देणारे कपडे घालायला जागा, वर लांब बाह्यांचं पोलकं. साडी साडीच राहिली, कुंकू कपाळावर राहिलं, आणि पाय झाकले गेले. भुजेला काढलेले दिवस इथे उपयोगी पडले असावेत असं मला नेहमी वाटतं, कारण गुजराती नेसण त्यांनी जवळून बघितलेली होती.

तीन वर्षांतला हा सगळ्यात शहाणा निर्णय आहे असं माझं मत आहे. काय सोडायचं नाही हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसालाच, काय वाकवता येईल ते इतकं नेमकं दिसतं. पण हा साधा कपड्यांचा मामलासुद्धा एकटीच्या हातात नव्हता. अशा गोष्टींचा हिशेब पत्रांतून नवऱ्याला द्यावा लागे. पत्र जायला महिन्याहून जास्त, उत्तर यायला तितकंच. थंडी काही उत्तराची वाट बघत थांबत नाही.

ताटाच्या बाबतीत अशी मधली वाट त्यांना सापडली नाही. नेसण बदलली तरी बाई हिंदूच दिसते. ताट बदललं तर शब्द मोडतो.

सभेतली आनंदीबाई आणि पत्रातली आनंदीबाई

या प्रकरणातली मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट पुढची आहे. अमेरिकेत हिंदुस्थानबद्दल कुतूहल खूप, आणि त्यातलं बरंचसं मिशनऱ्यांच्या अहवालांवर पोसलेलं. ठिकठिकाणी बायकांच्या सभा आनंदीबाईंना बोलायला बोलवत. एकदा विषय होता बालविवाह. समोर बसलेल्या बायकांची खात्री होती की नवव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी त्या चालीवर आसूड ओढणार. आनंदीबाईंनी बालविवाहाची बाजू घेतली. श्रोत्यांना धक्का बसला.

त्याच मुलीने त्याच अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात स्वतःच्या बालपणाचा हिशेब मांडला आहे. तुम्ही मला चांगलं वागवलंत की वाईट, हे ठरवणं फार कठीण आहे, असं ती लिहिते. दहाव्या वर्षी लाकडाने बसलेला मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, बाराव्या वर्षी सोडून जाण्याच्या धमक्या हे ती एकेक करून आठवते. हिंदू बायकोला नवऱ्यापुढे तोंड उघडायचा अधिकारच नसतो, हेही सांगते. आणि ज्या शिक्षणामुळे हे लिहिता येतंय ते तुमच्यामुळेच मिळालं, हेही नाकारत नाही.

सभेत एक आणि पत्रात दुसरं, याला कुणी ढोंग म्हणेल. मी म्हणणार नाही. परक्या मुलखात माणूस एकटा माणूस राहत नाही, त्याला अख्ख्या देशाचा वकील व्हावं लागतं. घरात ज्यावरून आपण आईशी भांडतो, त्याचीच बाजू परक्या डायनिंग टेबलावर नकळत घेऊन बसतो. माझ्याकडून गेलेली एक मुलगी मला म्हणाली होती की इथे असताना हळदीकुंकवाला कधी न गेलेली ती, तिथे रूममेटने नाक मुरडल्यावर तावातावाने त्याचं समर्थन करून आली आणि रात्रभर तिला स्वतःचाच राग येत राहिला. आनंदीबाईंवर तर सेरामपूरपासून फिलाडेल्फियापर्यंत दोन्हीकडच्या लोकांचे डोळे लागलेले होते. खरं बोलायला त्यांच्याकडे एकच जागा होती, नवऱ्याला लिहिलेला कागद. आणि तेही मध्ये समुद्र होता म्हणून. कलकत्त्यात एका छपराखाली राहून हे पत्र लिहून झालं असतं असं मला वाटत नाही.

गोपाळराव १८८५ मध्ये अमेरिकेत पोचले. मदतीला येणारं माणूस म्हणून त्यांची वाट बघणाऱ्या आनंदीबाईंच्या वाट्याला वेगळंच आलं. गोपाळरावांनी जागोजागी भाषणं देऊन ख्रिस्ती धर्मावर आणि अमेरिकन रीतीभातींवर झोड उठवली. ज्या माणसांनी या मुलीला दोन वर्षं घरात घेतलं होतं, त्यांच्यासमोर तिची मान खाली जायची वेळ आली. तिने जपून जोडलेलं प्रत्येक नातं आता पुन्हा सांभाळून घ्यायचं, आणि हाडांत मुरलेला ताप घेऊन.

इतर दोघी, आणि रमाबाई

१० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो आहे. कॉलेजच्या तीन परदेशी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात : आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली. ओकामी १८८९ मध्ये पदवी घेऊन जपानला परतल्या, तिथे त्यांनी डॉक्टर म्हणून काम केलं आणि १९४१ पर्यंत जगल्या. त्या ख्रिस्ती होत्या, नवऱ्याबरोबर अमेरिकेत आल्या होत्या. रोजच्या ताटासाठी आणि रविवारच्या चर्चसाठी त्यांना कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं. एकाच वर्गखोलीत बसणाऱ्या दोघींच्या पाठीवरचं ओझं सारखं नव्हतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

आणि आनंदीबाईंच्या नात्यातल्याच पंडिता रमाबाई. ज्या शरद ऋतूत आनंदीबाई धुराच्या खोलीत शब्द सांभाळत होत्या, त्याच सुमारास, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. परक्या मुलखात आपली जागा शोधायची दुसरी वाट त्यांनी धरली, आणि तिची किंमत त्यांनी मायदेशात जन्मभर मोजली. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. मिळाली तेव्हा रमाबाई इंग्लंडहून खास त्यासाठी आलेल्या होत्या. पदवीच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. घरून नेलेलं ज्ञान आणि तिथे शिकलेली विद्या यांची सांगड निदान त्या कागदावर तरी बसली.

परत

पदवीनंतर बॉस्टनच्या स्त्रियांच्या रुग्णालयात उमेदवारी सुरू केली, ती आजारपणाने सोडावी लागली. निदान झालं क्षयाचं. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधून काढल्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती, आणि त्याच्यावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला अजून साठ वर्षं होती. म्हणून 'अमेरिकेच्या थंडीने मारलं' हे म्हणणं मला मान्य नाही. थंडीने क्षय होत नाही, आणि ताप तर कलकत्त्यापासूनचा होता. पण अर्धपोटी, थकलेल्या, धुराने खोकणाऱ्या शरीराची झुंजायची ताकद कमी होते, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. स्वतः आनंदीबाईंनीही सांगितलं असतं.

ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या निघाल्या आणि नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरलेली होती. तिथे रुजू होणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. शब्द पाळला होता. हिंदू म्हणून गेल्या आणि हिंदू म्हणूनच परतल्या.

गोपाळरावांनी अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या ठेवलेल्या आहेत. वर दगड आहे. त्यावर इंग्रजीत आनंदीबाई जोशी एम. डी. हे नाव, १८६५ ते १८८७ ही सालं, आणि शिक्षणासाठी भारत सोडून निघालेली पहिली ब्राह्मण स्त्री अशी ओळख कोरलेली आहे. आजूबाजूला सगळे मावशीचे नातेवाईक.